यादीतलं शहर आणि एकवीस महिन्यांची मुलगी : एक प्रकरण अभ्यास

लहान मुलाला घेऊन केलेली सहल बिघडली की आईवडील बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण देतात. एक तर "ही हट्टीच आहे", नाहीतर "एवढ्याशा पोरीला घेऊन यायलाच नको होतं". या प्रकरणात दोन्ही कारणं एकाच रात्री, एकाच खोलीत, मुलगी जागी होऊ नये म्हणून कुजबुजत एकमेकांना ऐकवली गेली. मला दोन्ही पटत नाहीत. मुलगी हट्टी नव्हती आणि तिला नेण्यातही काही गैर नव्हतं. दिवस आखला होता त्यात तिच्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती. आखणाऱ्यांना ते दिसणं अवघड होतं, कारण तयारी त्यांनी उत्तम केली होती.

मी लहान मुलांच्या पालकांसोबत समुपदेशनाचं काम करते. हे कुटुंब आधीपासून ओळखीचं. सहलीच्या मधोमध आईचा फोन आला, पुढे आम्ही बोलत राहिलो आणि परतल्यावर तिने फोनमधले फोटो, त्यांच्या वेळा आणि बहिणीला पाठवलेले मेसेज माझ्यापुढे ठेवले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल ते सगळं वगळून लिहिते आहे. शहराचं नावही वगळलं आहे. ते कुठलंही असतं तरी गोष्ट हीच घडली असती.

कुटुंब आणि बेत

आई, बाबा आणि एकवीस महिन्यांची मुलगी. वजन अकरा किलो. चालायला लागून बरेच महिने झालेले, आता पळण्याची हौस. बोलणं दोन शब्दांच्या जोडीपर्यंत आलेलं. घरी दुपारी एकच्या सुमाराला झोपते, दीड-दोन तास. रात्री साडेआठ-नऊला.

बाबांचं त्या शहरात एक दिवसाचं काम होतं, त्याला जोडून पाच दिवसांचा बेत ठरला. पहिला दिवस प्रवासाचा, दुसरा आणि तिसरा फिरण्याचा, चौथा बाबांच्या कामाचा, पाचवा परतीचा. बाबागाडी, सवयीचं पांघरूण, औषधांची पिशवी, जादा कपडे, तिचा ओळखीचा खाऊ, खोलीत लहान मुलाचा पाळणा मिळेल ना याची आगाऊ चौकशी, सगळं झालेलं. प्रेक्षणीय स्थळांची यादीसुद्धा कमी केली होती. "एरवी दिवसाला पाच बघितली असती, तिच्यासाठी तीनवर आलो," असं बाबा मला नंतर म्हणाले. त्या वाक्यात या प्रकरणाचं मूळ आहे, पण ते पुढे.

पहिला दिवस, जो फसवा निघाला

प्रवास छान झाला. विमान उतरायला लागल्यावर आईने तिला पाणी प्यायला दिलं. हे बरोबरच. विमान खाली येताना केबिनमधला दाब वाढतो आणि कानाच्या मधल्या भागातला दाब त्याच्याशी जुळायला घशाकडची नळी उघडावी लागते. गिळताना ती उघडते. बरेच पालक टेकऑफच्या वेळीच बाटली संपवून बसतात आणि खरी गरज पडते तेव्हा पाजायला काही उरत नाही. मुलगी रडली नाही, शेजारच्या प्रवाशाला टोपी दाखवत बसली. आईने बहिणीला मेसेज केला : "अगं, काहीच त्रास नाही!"

त्या दिवशी ती दुपारी फक्त पंचवीस मिनिटं झोपली होती, तीही मांडीवर. संध्याकाळी नव्या खोलीत इकडून तिकडे धावली, दहा वाजता झोपली आणि रात्रीतून तीनदा उठली. नव्या जागेत पहिल्या रात्री मोठ्यांनाही नीट झोप लागत नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा उथळ झोपतो, जणू पहाऱ्यावर असल्यासारखा. तो अभ्यास प्रौढांवरचा होता, मुलांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण एकवीस महिन्यांचं मूल रात्री डोळे उघडतं तेव्हा छत वेगळं, अंधार वेगळा, एसीचा आवाज वेगळा, आणि "आपण बाहेरगावी आलो आहोत" ही समजूत घालायला त्याच्याकडे भाषाही पुरेशी नसते.

रडारड नाही म्हणजे सगळं ठीक, असं दोघांनी धरलं. झोपेची उधारी मात्र सुरू झाली होती.

दुसरा दिवस

हा दिवस फोटोंच्या वेळांवरून जवळजवळ मिनिटामिनिटाने सांगता येतो.

९:४०. बाबागाडीत पट्टा लावलेली मुलगी, डोक्यावर टोपी, हसते आहे. १०:२० ते १२:१५, वस्तुसंग्रहालय. इथे चोवीस फोटो आहेत आणि त्यांपैकी फक्त दोनांत ती दिसते. दोन्हींत ती काचेच्या कपाटाकडे पाठ करून जमिनीकडे बघते आहे. १२:५०, रेस्टॉरंट. जेवण यायला चाळीस मिनिटं लागली. तिला उंच खुर्चीत बसवलं होतं, पुन्हा पट्टा. भुकेच्या भरात तिने आधी बिस्किटं खाल्ली आणि जेवण आलं तेव्हा तोंड फिरवलं. "गाडीतच झोपेल" असा हिशेब होता. गाडी दोनदा गोल फिरवली, ती झोपली नाही. झोपणार कशी? समोर रस्ता, हॉर्न, माणसं, कुत्री.

२:२५, उंचावरून शहर दिसणारं ठिकाण. लिफ्टची रांग अर्ध्या तासाची. रांगेत तिला खाली उतरायचं होतं, उतरवलं तर पळायचं होतं, धरलं तर पाठ ताठ करून निसटायचं होतं. वरून काढलेला फोटो सुंदर आहे. त्यात आईचे डोळे मिटलेले आहेत.

४:४० नंतर एकही फोटो नाही.

तिसरं ठिकाण सोडून ते टॅक्सीत बसले आणि टॅक्सी पहिल्या सिग्नलला पोचायच्या आत मुलगी आईच्या मांडीवर गाढ झोपली. वीस मिनिटांनी हॉटेल आलं. उतरताना ती उठली आणि मग जे रडणं सुरू झालं ते लिफ्टमध्ये, खोलीत, अंघोळीत, जेवणात थांबलंच नाही. मधे मधे थांबायचं, पण थकून. बाबांनी फोनवर कार्टून लावून दिलं. ते संपल्यावर दुप्पट. रात्री साडेअकराला ती झोपली. मग ते कुजबुजतं भांडण झालं आणि त्याचा शेवट "उद्या कुठेच जायला नको, खोलीतच बसू" असा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मला फोन आला.

नेमकं काय बिघडलं

झोपेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची धरून. या मुलीला दोन दिवस त्याहून बरीच कमी मिळाली होती. पण किती तास, यापेक्षा ती वीस मिनिटं महत्त्वाची. जागं राहू तशी झोपेची ओढ अंगात साठत जाते आणि डोळा लागला की उतरू लागते. दुपारभर साठलेली ओढ टॅक्सीतल्या डुलकीने इतकी उतरली की रात्री वेळेवर झोप येईना, आणि इतकीही उतरली नाही की संध्याकाळ बरी जावी. ना धड झोप, ना धड जाग. "वीस मिनिटं का होईना, झोपली ना!" असं आईला वाटलं होतं. पाच वाजता वीस मिनिटं मिळण्यापेक्षा एक वाजता अंधाऱ्या खोलीतला एक तास कितीतरी मोलाचा.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. त्याच सूचनांमध्ये एक वाक्य आहे, त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही : या वयाच्या मुलाला बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीवर बांधून एका वेळी एका तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये, आणि दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटांची हालचाल व्हावी. दुसऱ्या दिवशी ही मुलगी सकाळपासून साडेचारपर्यंत जवळजवळ सगळा वेळ कशात ना कशात अडकवलेली होती. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना किती चालतात ते मोजलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी आली तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. या वयाच्या मुलाचं काम हे आहे. चालणं, पडणं, उठणं. ते दिवसभर बंद ठेवून संध्याकाळी शांत बसण्याची अपेक्षा करायची, हा आपला भाबडेपणा.

तिसरी गोष्ट मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती कुठल्याही तक्त्यात बसत नाही. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी मूल आणि आईवडील यांच्या नात्यावर जे काम केलं, त्यात एन्सवर्थने 'सुरक्षित तळ' ही कल्पना मांडली. मूल नव्या जागेत आईपासून थोडं दूर जातं, काहीतरी बघतं, वळून आईच्या चेहऱ्याकडे पाहतं, तिथे सगळं आलबेल दिसलं की आणखी थोडं पुढे जातं. नवेपणा त्याला झेपतो तो या वळून पाहण्याच्या जोरावर. आता दुसऱ्या दिवशीचं चित्र पाहा. बाबागाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला, म्हणजे समोर सतत अनोळखी आणि आईबाबा पाठीमागे. वळून पाहायला पट्टा आडवा. आणि समजा वळलीच, तर एक चेहरा नकाशात आणि दुसरा तिकिटाच्या क्यूआर कोडमध्ये. आईच म्हणाली, "दिवसभर आम्ही दोघं तिच्याजवळच होतो, पण तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं."

आता बाबांच्या वाक्याकडे येते. पाचाची तीन केली, म्हणजे यादी आखूड केली, पण राहिली ती यादीच. एकामागून एक नवी जागा, प्रत्येक जागा एकदाच. मोठ्या माणसाला प्रवासातून हेच हवं असतं. एकवीस महिन्यांच्या मुलाला नवी जागा आवडते, पण दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ते त्या जागेला चाचपत असतं. घरी तीच गोष्ट रोज सांग म्हणून मागे लागणारं मूल बाहेरगावी आलं की रोज नव्या गोष्टीवर खूश होईल, असं आपण का धरून चालतो कोण जाणे.

खाण्याबद्दल थोडक्यात. या वयाच्या आसपास बरीच मुलं अनोळखी पदार्थांना नकार देऊ लागतात. सहल ही नवी चव शिकवायची वेळ नव्हे. ओळखीचं काहीतरी डब्यात असावं आणि ऑर्डर देण्याआधी ते तिच्या पोटात गेलेलं असावं. झालं.

फोनवर काय ठरलं

खोलीत बसायचं नाही, हे पहिलं. बंद खोलीतलं एकवीस महिन्यांचं मूल हा वेगळाच त्रास आहे. मग मी विचारलं, हॉटेलपासून चालत जाता येईल अशी मोकळी जागा कुठे आहे? दहा मिनिटांवर एक बाग होती. काल तिच्या कडेने बाबागाडी ढकलत दोनदा गेले होते, आत गेले नव्हते. ती बाग रोज सकाळी, निघेपर्यंत, असं ठरलं. बाबागाडी फक्त बागेपर्यंत न्यायला. आत गेल्यावर मुलगी पुढे आणि मोठ्यांपैकी एक मागे, फोन खिशात.

एक वाजता खोली. पडदे ओढायचे, घरचंच पांघरूण, आणि ते धुतलेलं नको. ओळखीचा वास नव्या पलंगावर उपयोगी पडतो. घरी झोपताना जे ज्या क्रमाने होतं ते त्याच क्रमाने : तोंड धुणं, पुस्तक, दिवा, गाणं. एक झोपेपाशी थांबेल, दुसरा बाहेर पडेल. हा भाग बाबांना खटकला. "एकत्र फिरायला आलोय ना आपण? आणि एवढा खर्च करून बागेत बसायचं?"

प्रश्न रास्त होता. पालकांनी सहलीत स्वतःच्या हौशीवर पाणी सोडावं असं मी कधी सांगत नाही. तसं केलेली माणसं तिसऱ्या दिवशी मुलावरच राग काढतात. पण दोघांनी मिळून संग्रहालय अर्धवट बघण्यापेक्षा एकाने एकट्याने ते नीट बघावं, हा सौदा मला फायद्याचा वाटतो. बाबा त्या दुपारी एकटेच पुन्हा त्याच संग्रहालयात गेले आणि आदल्या दिवशी ज्या दालनातून गाडी ढकलत पुढे गेले होते तिथे तासभर थांबले. परतल्यावर आई बाहेर पडली. जोडप्याने प्रवासात एकमेकांपासून दोन तास सुटी घेणं आपल्याकडे उगाचच जरा वाईट समजलं जातं.

तिसरा दिवस आणि पावसाळी गटाराची जाळी

बागेत झोपाळे होते, घसरगुंडी होती. मुलीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाटेच्या कडेला पावसाचं पाणी जायला बसवलेली एक लोखंडी जाळी होती. ती तिथे उकिडवी बसली. एक बारीक खडा उचलला, दोन सळ्यांच्या मधोमध धरला, सोडला. खालून टुप् असा आवाज आला. तिने वर आईकडे पाहिलं. "गेला," आई म्हणाली. "गेया," ती म्हणाली आणि दुसरा खडा शोधायला निघाली.

हे चाळीस मिनिटं चाललं. मोठा खडा जाळीत अडकतो हे तिला कळलं. काडी आडवी धरली तर जात नाही, उभी धरली तर जाते, हेही कळलं, आणि ते कळल्याचा आनंद तिने हात वर करून साजरा केला. प्रत्येक खड्यानंतर वर पाहणं चुकलं नाही. आईने याचा एक छोटा व्हिडिओ काढला आहे. त्यात शहराचं म्हणावं असं काहीच नाही, पण मुलगी त्या शहरात आहे, हे पहिल्यांदा दिसतं.

दुपारी ती एक वाजून वीस मिनिटांनी झोपली आणि पावणेतीनला उठली. संध्याकाळी तिघं मिळून एका गजबजलेल्या चौकात गेले, आठ वाजता परत आले. रात्री ती एकदा उठली, पाणी प्यायली, झोपली.

चौथा दिवस, आई एकटी

बाबा कामाला गेले. बागेच्या फाटकापाशी पोचताच मुलगी आईचं बोट ओढत थेट जाळीकडे गेली. चोवीस तासांपूर्वीची जागा तिला पक्की आठवत होती. त्या अख्ख्या शहरात एक ठिकाण आता तिचं झालं होतं आणि तिथून ती थोडी पुढे सरकायला तयार झाली : आधी जाळी, मग बाकाखाली काय आहे ते, मग दुसरी मुलं, आणि शेवटी घसरगुंडीसुद्धा.

एकट्या आईला त्या दिवशी दोन गोष्टींचा आधार झाला. बाबागाडीऐवजी तिने मुलीला अंगावर बांधायचं कॅरियर घेतलं, कारण जिने आणि गर्दीच्या बसमध्ये एकटीला गाडी उचलणं शक्य नव्हतं. आणि निघण्यापूर्वी तिने मुलीचा त्या दिवशीच्या कपड्यांतला पूर्ण फोटो काढून ठेवला, मनगटावरच्या पट्टीवर स्वतःचा फोन नंबर लिहिला. मूल हरवलंच तर घाबरलेल्या आईला फ्रॉकचा रंग सांगता येत नाही, फोटो सांगतो.

टॅक्सीचा मुद्दाही इथेच सांगते. आधीच्या प्रवासांत मुलगी मांडीवर होती आणि "घट्ट धरते मी" असं आईचं म्हणणं होतं. हिशेब करून पाहा. अकरा किलोचं मूल, गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, आणि धडकेत ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर हातांवर येणारा जोर सुमारे दीडशे किलो वजन उचलण्याइतका. कुणाच्याही हाताला ते झेपत नाही. हा आकडा ऐकल्यावर आईने मुलांची सीट असलेली गाडी शोधली, ती मिळायला वेळ लागला, आणि त्यामुळे दुपारची झोप अडीचवर गेली.

माझं सगळं विश्लेषण या ठिकाणी जरा डळमळतं. झोपेची वेळ दीड तासाने चुकली, तरी संध्याकाळ बिघडली नाही. मुलगी चिडचिडली, पण सावरली. मग दुसऱ्या दिवशीचा दोष घड्याळाचा होता का? माझं मत असं की नव्हता, निदान एकट्या घड्याळाचा नव्हता. चौथ्या दिवशी ती उशिरा झोपली, पण पलंगावर, अंधारात, तासाभराहून जास्त. आणि त्याआधी सकाळभर स्वतःच्या पायांवर होती. घड्याळाला घट्ट धरून बसणारे पालक मी खूप पाहिले आहेत. एक वाजला म्हणून धावतपळत परतणं हीसुद्धा एक यादीच झाली. झोपेची जागा आणि त्याआधीची सकाळ सांभाळली तर वेळ थोडी मागेपुढे झालेली चालते, असं मला यातून वाटतं. अर्थात दुसराही अर्थ लावता येईल : चौथ्या दिवसापर्यंत मुलगी त्या खोलीला नुसती सरावली असेल आणि आम्ही काही केलं नसतं तरी फरक पडला असता. एका मुलीच्या पाच दिवसांवरून हे वेगळं काढता येत नाही.

पोट बिघडलं तेव्हा

चौथ्या संध्याकाळी तिला दोनदा पातळ शी झाली. आईने ओआरएसचं पाकीट काढलं आणि हॉटेलातल्या पेल्यात अर्धं ओतणार तेवढ्यात मला फोन केला, हे फार बरं झालं. पाकिटं वेगवेगळ्या मापांची मिळतात, काही एक लिटर पाण्यासाठी, काही २०० मिलिलिटरसाठी. अंदाजाने अर्धं-पाव टाकलं की मिठाचं प्रमाण चुकतं, आणि जास्त मीठ लहान मुलाला धोक्याचं. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात सगळंच्या सगळं पाकीट टाकायचं, उरलेलं चोवीस तासांनंतर फेकायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. नेहमीचं खाणं-दूध चालू ठेवायचं. शीत रक्त, डोळे खोल गेलेले, सुस्ती, काहीच पोटात न राहणं किंवा बराच वेळ लघवी न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर. त्यासाठी नव्या शहरात उतरल्यावर पहिल्याच दिवशी जवळचं मुलांचं हॉस्पिटल नकाशावर बघून ठेवावं. रात्री दोन वाजता शोधायला सुरुवात करू नये. मुलगी सकाळपर्यंत ठीक होती.

खोलीबद्दल

परतल्यावर आईने जे सांगितलं त्यात एक गोष्ट अशी होती की ती सहलीत कुणाच्याच लक्षात आली नव्हती. खोलीतली पाणी तापवायची किटली कमी उंचीच्या टेबलावर होती आणि तिची वायर खाली लोंबत होती. पहिल्या संध्याकाळी मुलगी जेव्हा "इकडून तिकडे धावत" होती, तेव्हा ती वायर तिच्या हाताच्या उंचीला होती. घर आपण तिच्या मापाने लावलेलं असतं, हॉटेलची खोली मोठ्यांच्या मापाने लावलेली असते. आत शिरल्यावर बॅगा उघडायच्या आधी एकाने गुडघ्यांवर बसून खोलीभर फिरावं : लोंबत्या वायरी, पडद्यांच्या दोऱ्या, उघडणारी खिडकी, बाल्कनीच्या कठड्याजवळची खुर्ची, आधीच्या पाहुण्याची पलंगाखाली पडलेली गोळी. पाच मिनिटांचं काम आहे.

नंतर

पाचव्या दिवशी, निघण्यापूर्वी, ते बागेत वीस मिनिटं थांबले. परतीच्या प्रवासात मुलगी बऱ्यापैकी रडली. त्याला काही इलाज नव्हता, आणि प्रत्येक रडण्याला इलाज असतोच असं मी मानत नाही. घरी आल्यावर तीन रात्री झोप विस्कटलेली होती, चौथ्या रात्री बसली.

आता त्यांचा पुढचा बेत चालू आहे. मुलगी तेव्हा सव्वादोन वर्षांची असेल. म्हणजे विमानात मांडीवर बसवता येणार नाही, तिला स्वतंत्र तिकीट आणि सीट लागेल, आणि डायपर सोडवण्याचं मधेच असेल तर प्रत्येक जागी आधी टॉयलेट कुठे आहे ते बघावं लागेल. राहायची जागा निवडताना काय बघू, असं आईने विचारलं. मी म्हटलं, नकाशावर आधी बाग शोधा, मग त्याच्या आसपास अशी खोली जिथे तिच्या झोपेचा कोपरा अंधारा करून तुम्हाला पलीकडे दिवा लावून बसता येईल. लिफ्ट आहे का ते विचारा. प्रेक्षणीय स्थळं लांब पडली तरी चालतील, तिथे तुम्ही आलटून पालटून जाणार आहात. बाबांनी या खेपेला यादी केलेली नाही, असं आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, केली आहे, पण मला दाखवलेली नाही.